मॅन पेजमधली ओळ गायब होते तेव्हा

मागच्या महिन्यात आमच्या एका टूलच्या मॅन पेजमधून (युनिक्स-लिनक्सवरचं टूलचं माहितीपान) चक्क एक ओळ उडाली. सोर्समध्ये दिसतेय, छापताना नाही. एररही नाही. अर्धा दिवस गेला, मग ट्यूब पेटली: परिच्छेद नीट बसवायला मी एंटर मारला होता आणि नवी ओळ नेमकी ‘.प्रोफाइल’ या फाइलच्या नावाने सुरू झाली होती.

मॅन पेजची मांडणी करणाऱ्या ट्रॉफ या प्रोग्रामच्या लेखी ओळीच्या सुरुवातीचा टिंब म्हणजे मॅक्रो, म्हणजे मांडणीची आज्ञा. त्या नावाचा मॅक्रो नसेल तर ग्रॉफ (ट्रॉफची जीएनयू आवृत्ती) अख्खी ओळ मुकाट्याने गिळतो. एकेरी अवतरणचिन्हाने सुरू झालेल्या ओळीचंही तेच.

इलाज दोन अक्षरांचा. टिंबाच्या आधी बॅकस्लॅश आणि त्याला चिकटून अँपरसँड टाका. ही जोडी छापली जात नाही, जागाही खात नाही; फक्त टिंब आता ओळीतलं पहिलं अक्षर राहत नाही. ओळ मागच्या ओळीला जोडूनही भागतं, पण पुढचा माणूस परत एंटर मारणारच.

शोधायचं कसं? ग्रॉफ चालवताना ‘-मॅन’सोबत ‘-डब्ल्यूडब्ल्यू’ आणि ‘-झेड’ द्या (अर्थात रोमन छोट्या लिपीत). पहिला सगळ्या वॉर्निंग दाखवतो, दुसरा बाकीचं आउटपुट दाबतो. अनोळखी मॅक्रो ओळ क्रमांकासकट समोर येतो.

जाता जाता: ‘बीआर’ मॅक्रो एक शब्द ठळक, एक साधा असं आलटून पालटून छापतो, पण मधली स्पेस खातो. स्पेस हवी तर ती दुहेरी अवतरणात घाला.