आरएक्स १००चं इंजिन घरी बांधताना: सील आधी, ब्लॉक-पिस्टन नंतर

यामाहाची आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक मोटरसायकल उन्हाळ्यात जाम झाली की नागपुरात सल्ला ठरलेला असतो: ब्लॉक (पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडर) बोअर करा, म्हणजे आतून घासून मोठा करा, नवा पिस्टन टाका. खर्च होतो आणि पुढच्या मे महिन्यात गाडी वर्धा रोडवर पुन्हा पकडते. ब्लॉक खराब झालेला असतो, पण तो का झाला हे कुणी बघत नाही.

या गाडीचं उत्पादन १९९६मध्ये थांबलं. इतक्या जुन्या इंजिनात क्रँकचे, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचे, दोन्ही टोकांचे रबरी ऑइल सील कडक झालेले असतात. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीची बंद पेटी, पुढे नुसतं केस) ओढली जाते. मॅग्नेटकडचं (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या चाकाकडचं) सील गेलं की जादा हवा शिरते, पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन तापून चिकटतो. क्लचकडचं गेलं तर गिअर ऑइल जळू लागतं: पांढरा धूर थांबत नाही, ऑइलची पातळी उतरत जाते.

इंजिन उतरवणं, हेड, ब्लॉक, क्लच काढणं सोपं आहे. पिस्टनच्या पिनची सर्कलिप (पिन अडवणारी तारेची कडी) काढताना केसच्या तोंडात कापड कोंबा. मॅग्नेट पुलरनेच (स्क्रू आवळून भाग ओढून काढणाऱ्या हत्याराने) काढा.

केस उघडण्यापाशी मला सर्वांत जास्त झगडावं लागलं. जोडात पेचकस घालून उचकटू नका. अॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून हवा कायमची गळते. क्रँकच्या टोकावर हातोडी मारायला सांगणाऱ्याचं तर अजिबात ऐकू नका. हा क्रँक तुकडे दाबून जोडलेला असतो, एका ठोक्यानेही तो वाकडा होऊ शकतो. केस फोडायचा पुलर आणा, तो सरळ बसलाय ना बघा आणि थोडा थोडा आवळा. केस अडली तर थांबा. बहुतेक वेळा एखादा स्क्रू काढायचा राहिलेला असतो.

क्रँकचं नवं बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि केस शंभर अंशांच्या आसपास तापवा. पाण्याचा थेंब टाकताच चर्र झालं की पुरे. नागपूरचं ऊन कितीही कडक असलं तरी त्याने हे काम होत नाही. दोन्ही सील नवे घ्या, जुने कितीही चांगले दिसोत. ओठाला ग्रीस लावून बसवा.

केस जोडा. पिस्टनचा बाण सायलेन्सरकडे, रिंगांची तोंडं खाचेतल्या पिनेवर, सर्कलिप नव्या. ब्लॉक आणि हेड चढवा, पण मॅग्नेट आणि क्लच लावू नका.

आता गळती तपासा. हे न करता इंजिन गाडीवर चढवणं मला मान्य नाही. जुन्या प्लगमधली चिनीमाती काढून लेथवाल्याकडून त्यात ट्यूबचा वॉल्व्ह बसवून घ्या. कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं रबराने घट्ट बंद करा, पिस्टन खाली आणा आणि गेज लावलेल्या सायकलच्या पंपाने सहा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरा. दहाच्या वर गेलात तर नवं सील निसटेल. दोन्ही सील, केसचा जोड आणि ब्लॉकखालचं पॅकिंग यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की पुन्हा उघडा, कितीही जिवावर आलं तरी. मिनिटाला एक पीएसआयपेक्षा कमी उतरत असेल तर पुढे जा.

बाकीचं जोडा, ऑइल पंपातली हवा काढा आणि पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येही थोडं टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) मिसळा. सुरुवातीला गाडी ताणू नका, रामटेकची चढण नंतर. थोडं चालवून प्लग बघा. तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर कार्बोरेटरचा जेट बदलण्याआधी साबणाचं पाणी पुन्हा घ्या.