पण, फासा, पोबारा: जुगारातून आलेले शब्द कसे ओळखायचे

फासेपारधी म्हणजे फासे टाकणारे, जुगार खेळणारे लोक असं मानणारे मला बऱ्याचदा भेटलेत आणि दर वेळी वाईट वाटतं, एका शब्दाच्या घोटाळ्यानं अख्खा समाज जुगारी ठरतो. तिथला फासा म्हणजे शिकार पकडायचा सापळा. तो, गळ्यातला फास आणि फाशी हे सगळे संस्कृत पाश या शब्दाचे नातेवाईक, आणि खेळातला फासा आला पाशक वरून, मराठीत येता येता दोन्हींचं रूप एकच झालं. म्हणून नुसता शब्द बघून उपयोग नाही, शेजारचं क्रियापद बघायचं. फासे टाकले, उलटे पडले असं असेल तर खेळ, फासा लावला, आवळला असं असेल तर सापळा. निम्मे गोंधळ इथेच सुटतात.

क्रियापदानं नाही जमलं तर विभक्ती लावून बघा. ‘पण’ घ्या. ‘येणार होतो पण पाऊस आला’ यातला पण पुनः वरून आलेला, त्याला कधीच प्रत्यय लागत नाही. जुगारातला पण म्हणजे डावावर लावलेली वस्तू, त्याला लागतो, म्हणून तर आपण ‘पणाला लावलं’ म्हणतो. आता खरी गंमत, लहानपण, शहाणपण यातला पण तिसराच आहे, तो संस्कृतातल्या त्वन या प्रत्ययाचा वंशज, आणि त्याच्यामुळे लोक ‘प्राणपणाने लढला’ हे ‘शहाणपणाने वागला’ सारखंच वाचतात. तसं नाहीये हो! प्राणपण म्हणजे प्राण हाच पण, जीव डावावर लावून लढला. हे एकदा कळलं की तो शब्द कुठेही सहज वापरावासा वाटत नाही, निदान मला तरी नाही वाटत. आणि पैज सुद्धा याच वळणाची आहे, ती आली प्रतिज्ञा वरून, म्हणजे आज जिला आपण शर्यत समजतो ती मुळात दिलेला शब्द होती.

लिहिताना सगळ्यात जास्त चुकणारं म्हणजे द्यूत. यात द्यू दीर्घ. द्युती म्हणजे तेज, तिथे ऱ्हस्व, आणि दूत म्हणजे निरोप्या, त्याला य नाहीच.

यापेक्षा जास्त जपायला हवा तो कली. कलियुगाचा संबंध काली देवीशी जोडणारे आणि चक्क ‘कालियुग’ लिहिणारे खूप आहेत. देवीचा इथे काही संबंध नाही, हा कली फाशांमधला आहे. ऋग्वेदाच्या 10व्या मंडलात 34वं सूक्त जुगाऱ्याचं आहे, तिथे फासे म्हणजे बेहड्याची फळं. पुढे दानांची नावं अशी मिळतात की त्या फळांचे चाराचे गट करून शेवटी काही उरलं नाही तर कृत, तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर आणि एकच उरला तर कली, म्हणजे सगळ्यात वाईट दान. हीच नावं चार युगांना मिळाली. नळाच्या गोष्टीत कली नळाच्या अंगात शिरतो आणि द्वापर फाशांत, आपण रागावलेल्या माणसाला ‘अंगात कली संचारला’ म्हणतो तो हाच. लिहायचा नियम सोपा आहे, एकटा असेल तर कली दीर्घ, समासात आला की कलियुग ऱ्हस्व. फुलाची कळी वेगळी, तिचा ळ सोडू नका.

हिंदी मालिका बघून होणारे गोंधळ वेगळेच. हिंदीत हुकुम म्हणजे इस्पिक, मराठीत हुकूम म्हणजे त्या डावात ज्या रंगाची सत्ता चालते तो, मग तो बदाम असो की किलवर. त्यामुळे ‘हुकमाचा एक्का’ ऐकून डोळ्यासमोर काळा एक्का आणू नका. पोबारा तर आणखी मजेशीर आहे, तीन फाशांवर सहा, सहा आणि एक पडलं की ते पौ बारा, पौ म्हणजे एक आणि वर बारा. हिंदीत ‘पौ बारह’ म्हणजे नशीब उघडलं आणि मराठीत पोबारा केला म्हणजे पळून गेला! दान एकच, अर्थ दोन टोकांचे, भाषांतर करताना हमखास माती होते.

मटका मात्र आपल्या डोळ्यांदेखतचा शब्द. पाण्याच्या भांड्याला मराठीत माठ आहे, मडकं आहे, त्यामुळे मटका म्हटलं की आकडाच आठवतो. मुंबईत आधी न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद भावावर पैसे लावायचे, 1961 च्या सुमारास ते बंद पडलं आणि मग मडक्यात आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून काढायला लागले. पुढे मडकं गेलं, पत्ते आले, नाव तेच राहिलं. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्दही त्या कापसाच्या भावातलेच.

आणि शंका आली की अंदाज करत बसू नका, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा, 1857 ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येते. शब्दाच्या पुढे कंसात रोमन अक्षर दिसेल, एस असेल तर संस्कृत, एच हिंदुस्तानी, पी फारसी, ए अरबी. दाते-कर्व्यांचा शब्दकोशही तिथेच आहे, त्यात व्युत्पत्ती नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात असते, घाईत तीच वाचायची राहते.