शांततेवर बोलायचं आहे? आधी सलाईनचा हिशेब मांडा

एक पेशंट घ्या. वजन ६० किलो, अंग ४० टक्के भाजलेलं. बर्न्स वॉर्डात काम केलेल्या कुणालाही पुढचं सूत्र झोपेत विचारलं तरी येतं: चार गुणिले वजन गुणिले भाजल्याची टक्केवारी. ४ × ६० × ४०, म्हणजे पहिल्या चोवीस तासांत ९,६०० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट, शिरेतून द्यायचं एक सलाईन). त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत जायला हवं, आणि हे आठ तास पेशंट वॉर्डात आल्यापासून नव्हे, भाजल्यापासून मोजायचे. अर्ध्या लिटरच्या जवळजवळ वीस बाटल्या. एका माणसाला, एका दिवसात.

आता तेच अणुबॉम्बने भाजलेल्या हजार पेशंटांसाठी करा. ९,६०० लिटर, एकोणीस हजारांवर बाटल्या, नुसत्या पाण्याचं वजन साडेनऊ टन. ड्रेसिंग, वेदनाशामकं, रक्त, ग्राफ्टिंगसाठी, म्हणजे त्वचा लावण्यासाठी, ऑपरेशन थिएटर, यातलं काहीच अजून धरलेलं नाही. असा पेशंट नीट सांभाळायचा तर पहिले काही दिवस प्रत्येक पाळीत एक सिस्टर त्याच्यापाशीच लागते. तीन पाळ्या, हजार पेशंट, तीन हजार सिस्टर. मी बावीस वर्षं जिथे काढली त्या वॉर्डात खाटा होत्या बारा.

अण्वस्त्रांविषयी बोलू इच्छिणाऱ्या डॉक्टर-नर्सेसना मी पहिला गृहपाठ हाच देते. क्षेपणास्त्रांचे पल्ले, कुणाकडे किती बॉम्ब, हे आपल्यापेक्षा इतरांना जास्त कळतं. जगात सुमारे बारा हजार अण्वस्त्रं आहेत एवढं ठाऊक असलं तरी पुरे. आपल्या वॉर्डाच्या खाटा मात्र आपल्यालाच माहीत असतात. तो आकडा आणि त्यापुढचा गुणाकार, दोन्ही स्वतःच्या हाताने करा. दुसऱ्याचा हिशेब वाचून दाखवला की पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते.

गुणाकारानंतर हिरोशिमा सांगा, त्याआधी नको. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी शहरातले बहुसंख्य डॉक्टर आणि नर्सेस स्वतःच मेले किंवा जखमी झाले. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचे डॉ. मार्सेल ज्युनो औषधं घेऊन पोचले ते ८ सप्टेंबरला, तेहतिसाव्या दिवशी. आपला पहिला टप्पा आठ तासांचा आहे हे ऐकणाऱ्यांनी नुकतंच ऐकलेलं असतं. त्यामुळे तेहतीस दिवस म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

फोटो दाखवू नका. माझ्या पहिल्या भाषणात मी दाखवले होते. तिसऱ्या फोटोला मधल्या रांगेतली एक बाई उठून गेली. जाताना तिच्या दोन्ही हातांवरचे जुने व्रण मला दिसले. पुढे मी काय बोलले ते मला आजही आठवत नाही. तेव्हापासून मी आरएलची एक बाटली नेते आणि टेबलावर ठेवते, बस.

सुरुवात आपल्याच लोकांपासून करा. विभागाच्या साप्ताहिक बैठकीत दहा मिनिटं मागा आणि केस मांडतो तसंच मांडा: इतिहास, अपेक्षित गुंतागुंत, उपलब्ध साधनं, निष्कर्ष. निष्कर्ष आपल्याला पाठच असतो: जिथे उपचार शक्य नाही तिथे उरतो तो प्रतिबंध. सर्जन मंडळी आकड्यांवर वाद घालतील. घालू द्या, त्यात तुमचा हिशेबच पक्का होतो.

बाहेर बोलायचं असेल तर आधी लेखी परवानगी घ्या, नाहीतर सुरुवातीलाच सांगा की मी व्यक्तिशः बोलते आहे. एकदा मी ड्युटी संपवून तशीच युनिफॉर्ममध्ये एका सभेला गेले. दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंनी बोलावलं. म्हणाल्या, "तू बोल गं, पण आपल्या हॉस्पिटलचं नाव छातीवर लावून नको." तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरोबर होत्या. आणि पेशंटच्या खाटेशी हा विषय कधीच काढू नका. ज्याच्या हाताला सलाईन लावलंय तो उठून जाऊ शकत नाही. त्याच्या अडकलेपणाचा फायदा घेणं वाईटच.

"हे राजकारण झालं, तुमचं काम इंजेक्शन देणं" हा प्रश्न येणारच. मी भांडत नाही, कागद काढते. आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम १२ आरोग्याचा हक्क सांगतं. त्या कलमावर संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००० साली जे विवेचन केलं, त्यात आरोग्याला घातक द्रव्यं पसरवणाऱ्या अण्वस्त्र, जैविक आणि रासायनिक चाचण्यांपासून देशांनी दूर राहावं असं स्पष्ट म्हटलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेतही सर्व लोकांचं आरोग्य हा शांततेचा पाया मानला आहे. म्हणजे विषय आपल्या टेबलावर आधीपासून आहे.

कागदाने न पटणाऱ्यांना मी ऑस्लोची गोष्ट सांगते. अमेरिकेचे बर्नार्ड लाऊन आणि सोव्हिएत संघाचे येवगेनी चाझोव्ह, दोघेही हृदयरोगतज्ज्ञ. १९८० साली त्यांनी इतर डॉक्टरांसोबत अणुयुद्ध रोखण्यासाठी आंतरराष्ट्रीय संघटना काढली आणि १९८५ चं शांततेचं नोबेल त्या संघटनेला मिळालं. पुरस्कार घ्यायला गेले असताना त्यांच्या पत्रकार परिषदेतच एका सोव्हिएत पत्रकाराचं हृदय बंद पडलं. दोघे पुढे धावले, इतर डॉक्टरांसोबत छाती दाबत राहिले, आणि तो माणूस वाचला. (लाऊन म्हणजे डीसी डिफिब्रिलेटर, हृदयाची बिघडलेली लय विजेच्या झटक्याने ताळ्यावर आणणारं यंत्र, विकसित करणारेच. पत्रकाराने जागा बरी निवडली.)

तुम्ही दंतवैद्य असाल तर तुमच्याकडे माझ्यापेक्षा सरस गोष्ट आहे. स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य शरीराला कॅल्शियमसारखंच वाटतं. हवेत अणुचाचणी झाली की ते गवतावर पडतं, तिथून गाईच्या दुधात आणि दुधातून लेकरांच्या दातांत जातं. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये १९५८ पासून पालकांकडून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले गेले. सगळे मिळून तीन लाखांवर दात जमले. चाचण्या वाढल्या तसं दातांतलं स्ट्रॉन्शियम वाढलेलं दिसलं. हवेतल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार १९६३ चा. तो एकट्या दातांनी घडवला असं म्हणू नका, पण आईबापांना जे नकाशांनी कळलं नव्हतं ते दातांनी कळलं, एवढं नक्की म्हणा.

सर्जन असाल तर नोंदी ठेवा. भूसुरुंगांवरच्या १९९७ च्या बंदी करारामागे युद्धक्षेत्रात ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनांच्या नोंदींचं बळ होतं. जखमी झाला तेव्हा तो काय करत होता, हा रकाना केसपेपरवर असायलाच हवा. "लाकडं आणत होता" या तीन शब्दांपुढे कुठलाही लष्करी युक्तिवाद चाचपडतो. नाव-गाव मात्र कधीही बाहेर जाता कामा नये.

पैशांवर बोलताना जपून. २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च सुमारे २,७१८ अब्ज डॉलर होता, म्हणजे दिवसाला सात अब्जांहून जास्त. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२४-२५ चं पूर्ण दोन वर्षांचं मंजूर बजेट होतं ६.८३ अब्ज. हे आकडे ऐकून सभा गप्प होते. पण वाचलेला पैसा आपोआप दवाखान्यात येईल असं मी एकदा म्हणून गेले आणि एका निवृत्त हिशेबनिसाने मला तिथेच धरलं. ते वाक्य तेव्हापासून मी गाळलंय.

"समोरचा देश थांबत नसेल तर आपण का थांबायचं?" याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि मी तसं सांगते. दोन्हीकडच्या बर्न्स वॉर्डांत पुरेशा खाटा नाहीत, एवढंच मला माहीत आहे.

शेवटी लोकप्रतिनिधीला पत्र. एकच पान, एकच मागणी. अण्वस्त्रबंदी करार ७ जुलै २०१७ ला १२२ देशांच्या मतांनी मंजूर झाला आणि २२ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. अण्वस्त्रधारी एकही देश त्यात नाही, हे पत्रात लपवू नका. नाहीतर उत्तरात तेच परत येतं. पीडितांना उपचार आणि पुनर्वसन देण्याचं कलम ६ हे आपल्या जिव्हाळ्याचं, त्यावर दोन ओळी लिहा. खाली सही आणि पद. वॉर्डाचा गुणाकार मागच्या बाजूला, हाताने लिहिलेला.

आणि बाटली रिकामी न्या. मी एकदा भरलेली नेली होती, तर स्टोअरच्या रजिस्टरमध्ये ती अजून माझ्या नावावर आहे.