नॅरोबोटीने आठवडाभर: लँगॉलेन कालव्याच्या सहलीची आखणी

नॅरोबोटीने, म्हणजे अरुंद कालव्यांसाठीच्या लांबट चिंचोळ्या नावेने, सहल आखताना बहुतेक जण आधी नकाशावर अंतर मोजतात, पण इथे हिशेब तासांचा धरावा लागतो. ब्रिटनच्या अरुंद कालव्यांवर वेगमर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर आहे, आणि काठाला बांधलेल्या नावांजवळून जाताना वेग त्याहून बराच कमी करावा लागतो, कारण आपल्या लाटांनी त्यांचे दोर ताणले जातात व खुंट्या उखडतात. म्हणून ताशी चार किलोमीटर आणि प्रत्येक लॉकला (पाण्याची पातळी वरखाली करून नाव चढवणारे-उतरवणारे, दोन्हीकडे दरवाजे असलेले कुंड) पाव तास धरून, दिवसाला पाच तासांहून अधिक नाव चालवायची नाही, असे घरूनच ठरवून निघावे.

पहिल्या सहलीसाठी मी निःसंकोचपणे लँगॉलेन कालवा सुचवेन. इंग्लंडमधील व्हिटचर्चपासून वेल्समधील लँगॉलेनपर्यंत सुमारे 50 किलोमीटरच्या वाटेवर न्यू मार्टनची दोनच लॉक लागतात. जायला तीन दिवस, यायला तीन दिवस आणि मध्ये एक दिवस मुक्कामाचा, असा आठवडा नीट बसतो. लँगॉलेनजवळ डी नदीचे पाणी या कालव्यात घेतलेले असल्याने त्याला चक्क प्रवाह आहे, त्यामुळे जाताना नाव हळू चालते. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्ट्या असल्याने गर्दी होते. मे किंवा सप्टेंबर निवडावा. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉक बंद ठेवतात, तेव्हा तो काळ टाळलेलाच बरा.

नॅरोबोट फारच चिंचोळी भासते. प्रत्यक्षात तिची रुंदी 2.1 मीटर असते. जाहिरातीत सहा जणांची म्हटलेल्या नावेत अनेकदा दोघांचा बिछाना जेवणाचे टेबल मोडून करावा लागतो, म्हणून चौघांनी सहाची नाव घ्यावी. स्वयंपाकाला गॅसची शेगडी असते, तेव्हा छोटा कुकर आणि डाळ-तांदूळ बरोबर असले की गावोगावी जेवणाची शोधाशोध करावी लागत नाही. पिण्याच्या पाण्याची टाकी मात्र रोज भरावी.

भाड्याची नाव चालवायला परवाना लागत नाही. निघण्यापूर्वी नाववाले सारे शिकवतात, ते घाई न करता सर्वांनी ऐकावे. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे वळते, आणि वळते ती मध्यावर फिरून, त्यामुळे मागचा भाग विरुद्ध बाजूला सरकतो. नावेला ब्रेक नसतो. थांबण्यासाठी इंजिन उलटे चालवावे लागते. समोरून नाव आली तर आपण उजवीकडून जायचे.

लॉकमध्ये शांत डोके हवे. वर चढताना रिकाम्या लॉकमध्ये नाव आणून खालचे दरवाजे लावावेत आणि विंडलास नावाच्या काटकोनी हँडलने वरची झडप थोडी थोडी उघडावी. एकदम उघडल्यास पाण्याचा लोट नाव पुढे-मागे आपटतो. दोन्हीकडची पातळी सारखी झाल्याशिवाय दरवाजा कितीही ढकलला तरी हलत नाही. उतरताना धोका वेगळा आहे: वरच्या दरवाजाखाली दगडी उंबरठा असतो आणि पाणी ओसरताना नावेचा मागचा भाग त्यावर अडकला तर नाव पुढे कलते. भिंतीवरच्या पांढऱ्या रेषेच्या पुढे मागचे टोक ठेवावे, आणि नाव अडकल्याची शंका येताच पाणी सोडणारी झडप तत्काळ बंद करावी.

एल्समीरजवळची तळी संपून चर्क गाव आले की जलसेतू, म्हणजे कालवा दरीवरून नेणारा पूल, आणि त्याला लागूनच बोगदा लागतो; समोरून दिवा दिसत असेल तर आत शिरू नये. पुढचा पाँटकसिल्ते जलसेतू थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप या अभियंत्यांच्या देखरेखीखाली 1805 मध्ये पुरा झाला, तो 2009 पासून जागतिक वारसा आहे. लांबी 307 मीटर, खाली 38 मीटरवर डी नदी. कालव्याकाठच्या पायवाटेच्या बाजूला कठडा आहे. दुसऱ्या बाजूला, ज्यातून कालवा वाहतो त्या बिडाच्या हौदाची कड पाण्याच्या जरा वर येते आणि तिथेच संपते. मुलांना आत किंवा पुढच्या ओट्यावर बसवावे, कडेने चालू देऊ नये. पलीकडे ट्रेव्हरला डावीकडे तीव्र वळण आहे, आणि त्यानंतर कालवा काही ठिकाणी एकाच नावेपुरता उरतो. तिथे एकाला पायवाटेने पुढे पाठवून वाट मोकळी असल्याची खात्री करून घ्यावी.

मुक्काम पायवाटेच्या बाजूला, वळण, पूल, लॉक आणि पाण्याचा नळ सोडून करावा. रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवत नाहीत, म्हणून मोबाइल आणि कॅमेरे दिवसा नाव चालू असतानाच चार्ज करून ठेवावेत.