पीटीटी दाबण्याआधी

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स आलं त्या संध्याकाळी मी पाच वॅटची हँडी (हातात धरायचा रेडिओ) घेऊन नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर गेले. किल्ली देताना सेक्रेटरींनी विचारलंच, "टॉवर-बिवर बसवणार नाही ना?" टाकीच्या आडोशाला उभी राहिले, पीटीटी, म्हणजे बोलण्यासाठी दाबायचं बटण, दाबलं आणि त्याच क्षणी माझं कॉलसाइन, म्हणजे हवेतली ओळख, सांगायला लागले. उत्तर आलं, "थ्रीच्या पुढचंच ऐकू आलं, परत सांगा." माझं सुरुवातीचं 'व्हिक्टर युनिफॉर्म', म्हणजे व्ही आणि यू, रिपीटरने, म्हणजे आपला आवाज पकडून पुढे दूरवर पाठवणाऱ्या केंद्राने, गिळलं होतं. बटण दाबल्यावर रिपीटर जागा व्हायला क्षणभर जातो. दाबा, एक श्वास घ्या, मग बोला.

लायसन्सच्या रिस्ट्रिक्टेड, म्हणजे सुरुवातीच्या, ग्रेडचं कॉलसाइन व्हीयू थ्रीने सुरू होतं, जनरलचं व्हीयू टूने. म्हणजे तोंड उघडताच नवखेपण कळतं. ते लपवायच्या भानगडीत पडू नका.

रिपीटरवर 'सीक्यू, सीक्यू' (ऐकणाऱ्या कुणीही उत्तर द्या) अशी आरोळी ठोकायची नसते. आपलं कॉलसाइन सांगून 'लिसनिंग' म्हटलं की पुरे. ठरावीक माणूस हवा असेल तर आधी त्याचं कॉलसाइन, मग आपलं. रस्त्यात हाक मारताना आपण आधी समोरच्याचंच नाव घेतो ना, तसंच. दोघांच्या गप्पांत शिरायचं असेल तर एकाचं बोलणं संपल्यावरच्या फटीत फक्त कॉलसाइन टाका आणि थांबा. 'ब्रेक, ब्रेक' खऱ्या अडचणीसाठी राखून ठेवलेलं बरं.

ती फट मात्र सोडायलाच हवी. समोरच्याने बटण सोडलं रे सोडलं की आपण दाबायचं, ही सवय मला मोडायला महिनाभर लागला. डिसेंबर २००४मध्ये पोर्ट ब्लेअरला काही हॅम मंडळी जगभरच्या स्टेशन्सशी बोलायला गेली होती. २६ तारखेला त्सुनामी आली आणि तेच हौशी स्टेशन निरोप पोहोचवायला लागलं. अशा वेळी एखाद्याला आत शिरायला दोन सेकंदांची जागाच सापडली नाही तर?

एचएफवर, म्हणजे दूरवर जाणाऱ्या लघुलहरींवर, सीक्यू चालतो, पण आधी ऐका. चाळीस मीटरवर, म्हणजे सात मेगाहर्ट्‌झच्या आसपास, एकदा मला फ्रिक्वेन्सी अगदी रिकामी वाटली आणि मी तिथेच रिग (रेडिओ संच) ट्यून करायला घेतली. शिट्टीसारखा सूर हवेत गेला असणार. तेवढ्यात एक शांत आवाज आला, "फ्रिक्वेन्सी इन यूज, ओएम." (ओएम म्हणजे कोण, ते पुढे येतंच.) दोघं बोलत होते, त्यांतला एकच मला ऐकू येत होता आणि त्या वेळी दुसऱ्याची पाळी होती. शांतता म्हणजे जागा रिकामी, असं तिथे नसतं. "इज धिस फ्रिक्वेन्सी इन यूज?" असं कॉलसाइनसकट विचारा, थांबा, पुन्हा विचारा. मग तीनदा सीक्यू, दोन-तीनदा कॉलसाइन आणि गप्प. काही जण मिनिटभर सीक्यूच म्हणत राहतात. ऐकणारा कंटाळून डायल फिरवतो.

'क्यूआरझेड' म्हणजे 'मला कोण बोलावतंय?' 'कुणी आहे का?' अशा अर्थाने ते सर्रास वापरलं जातं. मला खटकतं.

हवेत काका-मावशी नाहीत, हेही अंगवळणी पडायला वेळ लागतो. पुरुष तो ओएम, ओल्ड मॅन, मग कॉलेजातला पोरगा का असेना. बाई साठीची असली तरी वायएल, यंग लेडी. मी एका ज्येष्ठांना 'काका' म्हणून गेले, ते हसले आणि म्हणाले, "इथे मला हँडलनेच बोलवा." हँडल म्हणजे हवेत वापरायचं नाव. निरोपाला 'सेव्हंटी थ्री' म्हणा. त्यातच शुभेच्छा आल्या, शेवटी 'ज' लावायला नको.

आणि लॉगबुकात वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहा, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. माझं पहिलं पान भारतीय वेळेत आहे. क्यूएसएल कार्डं, म्हणजे बोलणं झाल्याची पोच देणारी कार्डं, भरताना त्यातली प्रत्येक नोंद पुन्हा मोजावी लागली.