सहावीचा वर्ग आठवीपर्यंत नेताना

बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी गणित-विज्ञान शिकवते. एकच वर्ग सहावी ते आठवी नेणार असाल, तर मे महिन्यातच मुख्याध्यापकांशी बोला. जूनमध्ये वर्गवाटप झालं की बदल अवघड.

एक जाड वही करा, प्रत्येक मुलाला चार पानं. गुण नकोत, ते निकालपत्रकात असतातच. कुठे अडलं ते लिहा: 'अपूर्णांकाचा भागाकार करताना उलटा करायला विसरते.' सातवीच्या पहिल्या आठवड्यात उजळणी तिथूनच सुरू करायची.

आमच्याकडे दिवाळीनंतर मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. परततात तेव्हा त्यांचं काय बुडालं, हे नव्या बाईंना कळायला महिना जातो. मला वही उघडली की कळतं. ऊसतोडीला न जाता आजीजवळ कोणतं मूल राहू शकेल, हे गणपतीतच घरी जाऊन विचारा. दुसऱ्या वर्षी आजी स्वतःच निरोप धाडते.

एक धोका आहे. 'हा असाच' हे मत तीन वर्षं मुलाला चिकटतं. माझ्याकडून एकदा झालंय, अजून सलतं. म्हणून दर जूनला जागा बदला, मॉनिटर नवा निवडा. भाषेच्या सरांना त्या मुलाबद्दल विचारा आणि त्यांचं म्हणणं वहीत लिहा, पटलं नाही तरी.