टाच दुखते? पलंगावरून उतरण्याआधी सुरुवात करा

माझी टाच दुखायला लागली ती गणपतीत. पाच दिवस घरात अनवाणी, त्यात रोज रात्री वाडीतल्या घराघरात आरत्या. एकेका घरी तास-तासभर लादीवर उभं राहायचं. पूर्वी याच घरांमध्ये शेणाने सारवलेली जमीन होती, आता सगळीकडे गुळगुळीत टाइल्स. विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी पाय खाली टेकवला आणि टाचेत बाभळीचा काटा मोडल्यासारखी कळ आली. चार पावलं लंगडत मोरीपर्यंत गेलो तर कळ ओसरली. म्हटलं, गेली. पण संध्याकाळी शाळेतून आल्यावर पडवीत तासभर बसून उठलो आणि पुन्हा तीच कळ.

टाचदुखीची सगळ्यात मोठी खूण हीच. झोपून किंवा बसून उठल्यावर पहिल्या पावलाला कळ येते, जरा चाललं की कमी होते आणि दिवसभर उभं राहिलं की परत ठणकते. बंदरावर टोपली मांडून बसणाऱ्या बायकांना विचारा. बसल्या जागी काही नसतं, उठताना जीव जातो.

असं का होतं, ते एकदा समजून घेतलं की पुढचे उपाय लक्षात ठेवावे लागत नाहीत. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. डॉक्टर त्याला प्लांटार फॅशिया म्हणतात. विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला की कळशी वर येते ना, तसंच चालताना बोटं वर वळली की हा पट्टा ताणला जातो आणि तळव्याची कमान उचलली जाते. ताण झेपेनासा झाला की पट्टा टाचेच्या हाडाला जिथे चिकटलेला असतो, तिथे झिजतो आणि दुखतो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आखडून राहतो, आणि सकाळी त्याच्यावर एकदम सगळ्या देहाचं वजन पडतं. वाढलेलं वजन, आखडलेल्या पोटऱ्या, कडक जमिनीवर तासन्तास उभं राहणं, सपाट किंवा फार उंच कमानीचा तळवा, यातलं काहीतरी बहुतेकांच्या बाबतीत असतंच.

खात्री करायची तर टाचेच्या खालच्या बाजूला, आतल्या अंगाला, जिथे टाच संपून कमान सुरू होते तिथे अंगठ्याने दाबून बघा. नेमकं तिथेच दुखलं तर बहुधा हेच. मागच्या बाजूला, पोटरीची शीर उतरते तिथे दुखत असेल तर तो वेगळा आजार. टाचेच्या भेगांची गोष्टही वेगळी. आणि एक्स-रे काढल्यावर कुणी ‘हाड वाढलंय’ म्हणालं तर घाबरू नका. तसं वाढलेलं हाड काहीही न दुखणाऱ्या कित्येकांच्या टाचेत असतं.

आता कामाचं. पहिला उपाय अंथरुणातच करायचा, पाय जमिनीला लागण्याआधी. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा, बोटं मुठीत धरून नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपलात तर पट्टा दोरीसारखा ताठ लागला पाहिजे. दहा मोजेपर्यंत धरा, सोडा, असं दहा वेळा. पोट आड येत असेल तर चवड्याभोवती पंचा अडकवून तो आपल्याकडे ओढा. दिवसातून तीनदा करा, पण दुपारचं एखादं चुकलं तरी सकाळचं चुकवू नका. मी पहिल्या आठवड्यात कंटाळा केला आणि त्याची शिक्षा रोज मोरीपर्यंत भोगली.

मग चप्पल. इथे आमच्या घरी महाभारत झालं. घरात वहाणा घालून फिरायचं म्हटल्यावर आईने जे तोंड केलं, ते कोकणातल्या कुठल्याही घरात होईल. शेवटी तोडगा निघाला: नवी कोरी जोडी, घराबाहेर कधीच न्यायची नाही, देवघराच्या उंबरठ्याबाहेर काढायची. ती पलंगाच्या कडेला ठेवायची आणि त्यातच पाय घालून उठायचं. चप्पल घेताना दोन्ही हातांनी वाकवून बघा. मधोमध दुमडली तर परत ठेवा, फक्त बोटांकडे वाकली पाहिजे. टाचेखाली जाड आणि कमानीला आधार देणारी हवी. झिजलेल्या रबरी सपाता आणि पावसाळ्यातल्या सपाट तळाच्या प्लास्टिकच्या चपला या दुखण्याच्या मावसबहिणी आहेत. औषधाच्या दुकानात सिलिकॉनच्या टाचगाद्या मिळतात, त्या बुटात घालून बघायला हरकत नाही.

पोटरी मोकळी केल्याशिवाय टाच सुटत नाही. पडवीच्या खांबाला हात टेका, दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, आणि पुढे झुका. तीस सेकंद गुडघा सरळ, मग तीस सेकंद जरा वाकवून. तीन वेळा.

संध्याकाळी प्लास्टिकच्या बाटलीत पाऊण पाणी भरून गोठवा आणि पंचात गुंडाळून तळव्याखाली दहा मिनिटं फिरवा. आमच्याकडे जुना उपाय म्हणजे तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकायची. शेकल्याने बरं वाटतं, त्याबद्दल वाद नाही. पण रुईचा चीक कातडीला आणि विशेषतः डोळ्यांना वाईट. आणि मधुमेह असेल तर वीटही नको, थेट बर्फही नको. पायाची संवेदना कमी झालेली असते, भाजलेलं कळत नाही, आणि तिथून सुरू झालेली जखम महाग पडते.

कळ जरा आटोक्यात आली की पट्ट्याला ताकद द्यायची. पायरीच्या कडेवर चवडा ठेवा, बोटांखाली पंचाची गुंडाळी सारा म्हणजे बोटं वर वळतील. तीन सेकंदांत टाच उचला, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. बारा वेळा, एक दिवसाआड. आधी दोन्ही पायांवर, मग झेपेल तसं एकावर, आणि हळूहळू तीन फेऱ्यांपर्यंत. डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात हा व्यायाम करणाऱ्यांना तीन महिन्यांनी नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा जास्त आराम होता. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गट सारखेच होते, म्हणून हा जमला नाही तर मनाला लावून घेऊ नका.

वाळू मऊ म्हणून किनाऱ्यावर अनवाणी फिरायचा सल्ला हमखास मिळतो. कोरड्या वाळूत टाच रुतते, पोटरी आणि पट्टा दोन्ही जास्त ताणले जातात. तूर्त नको. गणपतीपुळ्याची प्रदक्षिणाही बरं वाटेपर्यंत पुढे ढकला, देव रागावत नाही.

डॉक्टरांकडे कधी? आंब्यावरून किंवा गडग्यावरून पडून टाच दुखत असेल तर त्याच दिवशी, कारण हाड मोडलेलं असू शकतं. टाच लाल, गरम, सुजलेली, सोबत ताप. बधिरपणा किंवा मुंग्या. रात्री झोपमोड करणारं दुखणं. चालताना ‘कट्’ आवाज होऊन पाय टेकवेनासा होणं, यातलं काही असेल तर घरी थांबू नका. तरुण वयात दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही आखडते, तर संधिवाताची तपासणी हवी. दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने रोज घेऊ नका, विशेषतः पोटात अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर. टाचेतलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे छान वाटतं, पण त्याने पट्टा तुटण्याचा धोका असतो. ते शेवटी.

वेळ लागतो. बहुतेकांना सहा महिने ते वर्षभरात बरं वाटतं, आठवड्यात नाही. माझं शिमग्यापर्यंत चाललं. त्या वर्षी पालखी खांद्यावर घेतली नाही, मांडावर चप्पल घालून ढोल वाजवत उभा राहिलो.